नॉब फिरतो, पण छर्रा हलत नाही: नव्या स्कोपच्या टरेटचं दुखणं शोधताना

दिवाळीनंतर पुतण्याचा फोन आला, त्याच्या एअर रायफलीवरच्या नव्या स्कोपबद्दल, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीबद्दल. "काका, नवा स्कोप बाद निघाला. वरचा नॉब आठ क्लिक फिरवला, तरी छर्रा आहे तिथेच लागतोय." किती अंतरावरून मारतोस विचारलं, तर म्हणाला दहा मीटर. पाच छर्रे केवढ्या जागेत पडतात विचारलं, तर म्हणाला बांगडीएवढ्या.

मी हसलो नाही, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक चांगला स्कोप कुरिअरने दुकानदाराकडे परत पाठवला होता. आठवड्याने तो जसाच्या तसा परत आला. सोबत चिठ्ठी होती: "नॉबचे तीन स्क्रू ढिले होते, आवळले." कुरिअरचे पैसे जाऊन येऊन माझेच.

स्कोपच्या बाजूचे जे फिरते नॉब, त्यांना टरेट म्हणतात. वरचा उंचीसाठी (एलिव्हेशन), उजवीकडचा डाव्या-उजव्यासाठी (विंडेज). नव्या स्कोपबद्दलची बहुतेक तक्रार या दोन नॉबवर येऊन ठेपते, आणि बहुतेक वेळा दोष नॉबमध्ये नसतो. तो असतो माउंटमध्ये (स्कोप बंदुकीला धरून ठेवणाऱ्या बैठकीत), बंदुकीच्या नळीत, अंतराच्या गणितात, नाहीतर आपल्या पकडीत. पण कधीकधी टरेट खरोखरच खराब असतो. हे दोन वेगळे करायचे तर छर्रे उडवत बसू नका, आधी एकही छर्रा न मारता स्कोप तपासा. खालचा क्रम आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी लिहिला आहे. मोठ्या रायफलीच्या स्कोपलाही तो जवळपास तसाच लागू पडतो, फक्त अंतरं वाढतात.

एक गोष्ट आधीच: स्कोपला हात लावण्यापूर्वी नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही, हे डोळ्यांनी बघा. लक्षात आहे म्हणून सोडू नका.

आत काय हलतं

नॉब फिरवला की नेमकं काय हलतं हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते, तिच्यात प्रतिमा सुलट करणारी भिंगं बसवलेली असतात. ही आतली नळी डोळ्याकडच्या टोकाला टेकलेली असते आणि पुढच्या टोकाला थोडी इकडेतिकडे सरकू शकते. वरून एलिव्हेशनचा स्क्रू तिला दाबतो, बाजूने विंडेजचा. या दोघांच्या विरुद्ध दिशेने एक स्प्रिंग तिला त्यांच्याकडे ढकलत राहते. म्हणजे स्क्रू नळीला ओढत नाही, फक्त दाबतो. परत आणायचं काम स्प्रिंगचं.

यातून दोन गोष्टी निघतात. तुम्ही सारखं 'अप' 'अप' करत गेलात की स्क्रू बाहेर निघत जातो आणि स्प्रिंग सैल पडत जाते. शेवटाजवळ तिच्यात नळीला नीट रेटून धरायचा जोर उरत नाही. मग प्रत्येक झटक्याला आतली नळी जरा हलते आणि छर्रा कुठेही जातो. दुसरी गोष्ट, बाहेरची नळी गोल आहे. आतली नळी वरच्या भिंतीला जाऊन टेकली की तिला डावीउजवीकडे सरकायला जागाच राहत नाही. "विंडेज अडकलाय" ही तक्रार घेऊन येणाऱ्याचा एलिव्हेशन आधी बघावा, तो टोकाला गेलेला असण्याची शक्यता फार.

क्लिकचं गणित

नॉब फिरवताना लागणारी एक टक म्हणजे एक क्लिक. नॉबवर किंवा त्याच्या टोपीखाली लिहिलेलं असतं: एक क्लिक म्हणजे पाव एमओए, किंवा ०.१ मिल. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर त्याचे साधारण २.९ सेंटिमीटर होतात. मिलचं गणित आपल्या मीटरच्या हिशेबाला सोपं: १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटिमीटर.

आता हे आपल्या अंतरावर आणू. पाव एमओएचा एक क्लिक १० मीटरवर ०.७३ मिलिमीटर, २५ मीटरवर १.८ मिलिमीटर आणि ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर हलवतो. ०.१ मिलचा क्लिक याच अंतरांवर १, २.५ आणि ५ मिलिमीटर. आपला छर्रा ४.५ मिलिमीटरचा. म्हणजे दहा मीटरवर पाव एमओएच्या नॉबने एका छर्र्याच्या भोकाएवढं सरकायला सहा क्लिक लागतात. पुतण्याचे आठ क्लिक म्हणजे सहा मिलिमीटरसुद्धा नाहीत, आणि त्याचे छर्रे पसरलेले बांगडीभर. त्या बांगडीत सहा मिलिमीटर कुणाला दिसणार?

नॉबवर '१०० यार्डांवर पाव इंच' असं छापलेलं असतं, ते वाचून लोक दहा मीटरवरही एका क्लिकला पाव इंच धरतात. तिथे जवळजवळ नऊपट चुकतं.

आणखी एक गोंधळ स्वस्त स्कोपमध्ये हमखास असतो. स्कोपमधून बघताना दिसणाऱ्या नेमाच्या फुलीवरचे ठिपके मिलमध्ये आणि नॉब एमओएमध्ये. छर्रा एक ठिपका खाली लागला म्हणून दहा क्लिक वर केलं, तर तो तिथे पोचणार नाही. एका मिलमध्ये सुमारे ३.४४ एमओए असतात, म्हणजे पाव एमओएचे चौदाएक क्लिक लागतील. आणि झूम वाढवल्याने क्लिकची किंमत बदलत नाही. बऱ्याच स्कोपमध्ये बदलतं ते ठिपक्यांमधल्या अंतराचं माप. या दोन गोष्टी एकात मिसळू नका.

टेबलावर, हाताने

स्कोप बंदुकीवर चढवण्याआधी हे केलं तर उत्तम. चढवला असेल तरी चालेल.

नॉब फिरतच नाही? जोर लावू नका. अनेक नॉबना कुलूप असतं, वर ओढल्यावरच ते फिरतात. काहींना 'झिरो स्टॉप' असतो, म्हणजे ठरवलेल्या शून्याच्या (नेम जुळवून ठेवलेल्या जागेच्या) खाली जाऊ न देणारा अडसर. नवा स्कोप कधीकधी कारखान्यातून तो अडसर लावूनच येतो आणि माणसाला वाटतं नॉब जाम आहे. सोबतच्या कागदात तो कसा सैल करायचा ते दिलेलं असतं. तो कागद खोक्यासोबत फेकला असेल तर कचऱ्यातून काढा.

नॉब गुळगुळीत फिरतो, टकटक लागतच नाही? ही माझी चूक. नॉबची बाहेरची वाटी आतल्या दांड्याला दोन-तीन बारीक ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. शून्य जुळवताना ते ढिले करायचे असतात, आणि ढिले केलेले परत आवळायचे राहून जातात. वाटी फिरते, आकडे फिरतात, आत काही हलत नाही. योग्य मापाची एलन की घ्या आणि सगळे स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने आवळा. एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर वाटी तिरकी बसते आणि एका बाजूला घासते. हे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे असतात. खाली पांढरा टॉवेल पसरून बसा, नाहीतर उरलेली संध्याकाळ फरशीवर रांगण्यात जाईल.

टकटक लागते पण मऊ, लापशीत चमचा फिरवल्यासारखी? स्वस्त स्कोपमध्ये हा दोष नसतो, स्वभाव असतो. मोजता येत असेल तर चालवून घ्या. मात्र काही ठिकाणी टकटक स्पष्ट आणि काही ठिकाणी गायब असेल, किंवा एका क्लिकमध्ये आकडा दोन घरं सरकत असेल, तर कागदावर नोंद करा. तो खरा दोष असू शकतो.

मग एकदा पूर्ण प्रवास मोजा. नॉब हलक्या हाताने एका टोकाला न्या. अडला की थांबा, पिळू नका. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत या. कागदावर एकूण ६० एमओए लिहिले असतील तर पाव एमओएच्या हिशेबाने २४० क्लिक भरले पाहिजेत. पाच-दहा जास्त आले तर उत्तमच. दीडशेला अडला तर आधी दुसरा नॉब मध्यावर आहे ना ते बघा (वरचं गोल नळीचं प्रकरण), आणि पुन्हा मोजा. शेवटी दोन्ही नॉब एकूण क्लिकच्या निम्म्यावर आणून ठेवा.

मध्य साधला का, ते आरशावर कळतं. झूम सगळ्यात कमी करा, पॅरॅलॅक्सचं, म्हणजे लक्ष्याच्या अंतराप्रमाणे प्रतिमा जुळवायचं, कडं असेल तर अनंतावर ठेवा, आणि स्कोपचं पुढचं तोंड कपाटाच्या आरशाला सपाट टेकवून आत बघा. उजेड बरा असेल तर खरी फुली आणि तिचं प्रतिबिंब, अशा दोन फुल्या दिसतात. एकीवर दुसरी येईपर्यंत नॉब फिरवा. एक नॉब फिरवताना दुसरी फुली एका रेषेत, अडखळल्याशिवाय सरकते का, तेही याच वेळी बघून घ्या. फुकटात झालेली ही पहिली टरेट-तपासणी.

मोजपट्टीची चाचणी

स्कोपची खरी परीक्षा इथे होते. लोक ही पायरी गाळतात, कारण यात बंदूक उडत नाही.

भिंतीवर एक मोजपट्टी उभी लावा. ती खरंच उभी आहे का, ते गवंड्याच्या ओळंब्याने बघा. तिथून २५ मीटर टेपने मोजा, पावलांनी नको. पाव मीटर चुकलात तरी एक टक्का गेला. स्कोप वाळूच्या पिशव्यांमध्ये किंवा व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) फडकं गुंडाळून असा बसवा की नॉब फिरवताना तो जराही हलणार नाही. माउंटसकट पकडला तर बरं, नळीवर व्हाइस आवळू नका. फुलीची उभी रेषा ओळंब्याच्या दोरीशी जुळवा.

आता फुली मोजपट्टीवरच्या एका आकड्यावर आणा आणि ४० क्लिक 'अप' करा. फुली खाली सरकेल. दचकू नका, ते बरोबर आहे: फुली खाली गेली की तिला लक्ष्यावर आणायला तुम्ही बंदूक उचलता, म्हणून छर्रा वर जातो. नॉबवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते सांगतो, फुली कुठे जाईल ते नाही. आणि 'अप'साठी नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, तेव्हा सवयीवर न जाता बाण वाचा.

पाव एमओएच्या नॉबने फुली ४० क्लिकमध्ये सुमारे ७३ मिलिमीटर सरकायला हवी, ०.१ मिलच्या नॉबने १०० मिलिमीटर. मग ४० क्लिक मागे या. फुली मूळ आकड्यावर आली पाहिजे. हे पाच वेळा करा आणि दर वेळी काय आलं ते लिहून ठेवा.

आलेले आकडे असे वाचा. दर वेळी ७० मिलिमीटरच येत असतील, पण परत मूळ जागी येत असेल, तर स्कोप प्रामाणिक आहे, फक्त त्याचा क्लिक जरा लहान आहे. कागदी लक्ष्यासाठी काही बिघडत नाही. दर वेळी वेगळा आकडा येतो, किंवा परत येताना फुली तीन-चार मिलिमीटर अलीकडे थांबते आणि नॉबवर टिचकी मारल्यावर जागेवर उडी घेते, तर आतली नळी अडकते आहे किंवा स्प्रिंग कमजोर आहे. जुने लोक अशा वेळी नॉब थोडा पुढे नेऊन मागे आणायचा सल्ला देतात. जुन्या स्कोपसाठी तो ठीक आहे. नव्या, पैसे मोजून घेतलेल्या स्कोपला टिचक्या मारत बसू नका, परत करा. आणि उभा नॉब फिरवताना फुली आडवी सरकत गेली, तर आधी स्वतःवर संशय घ्या: स्कोप तिरका बसला असेल. पाच अंशांचा तिरकेपणा १०० मिलिमीटरमागे जवळजवळ ९ मिलिमीटर आडवे नेतो.

डोळा मात्र दर वेळी भिंगाच्या मधोमध ठेवा. सेंटरफायरसाठी, म्हणजे मोठ्या काडतुसाच्या रायफलीसाठी, बनवलेल्या साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांवर कायमचा बसवलेला असतो. २५ मीटरवर डोकं जरा हललं की त्याची फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते, आणि शिव्या टरेटला बसतात. एअर रायफलीसाठी दहा यार्डांपर्यंत जुळवता येणारा स्कोप घ्यावा असं जे सांगतात, ते यासाठी.

स्कोप पास झाला, तरी छर्रा भरकटतो

मग माउंट बघा. आपल्या एअर रायफलींवर बहुतेक ११ मिलिमीटरची खाच असते, त्यावर रुंद पिकाटिनी पट्टीचं माउंट बसत नाही. ते कसंबसं बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. स्प्रिंगची बंदूक आधी मागे झटका देते आणि पिस्टन पुढे आदळला की लगेच पुढे. या दुहेरी झटक्याने माउंट मिलिमीटर-मिलिमीटर सरकत जातं. माउंट आणि खाच जिथे भेटतात तिथे पेन्सिलीची बारीक रेघ मारा. वीस छर्र्यांनंतर रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. माउंटला खाली येणारी पिन असेल आणि बंदुकीवर तिच्यासाठी भोक असेल, तर ती पिन वापरा, ती त्यासाठीच असते.

रिंगचे, म्हणजे स्कोपच्या नळीला धरणाऱ्या माउंटच्या कड्यांचे, स्क्रू उलट फार आवळले जातात. बहुतेक कंपन्या रिंगसाठी १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे पावणेदोन ते दोन न्यूटन-मीटरच्या आसपास सांगतात. एलन कीचं लांब टोक धरून पिळलं तर आपण सहज याच्या पुढे जातो. स्कोपची बाहेरची नळी चेपली की आतली नळी अडकते आणि 'टरेट चालत नाही'. म्हणून एक सोपी परीक्षा: मोजपट्टीची चाचणी स्कोप सुटा असताना पास आणि रिंगमध्ये आवळल्यावर नापास, तर दोष रिंगचा. स्क्रू सैल करून पुन्हा मोजा.

आता छर्रे. एकाच डबीतले, बसून, पिशवीवर हात टेकून, आणि स्प्रिंगची बंदूक असेल तर दस्ता हलकाच धरून. ती घट्ट आवळली की दर वेळी वेगळी उडते. छर्रे जिथे जाऊन थांबतात त्या मागे मातीचा बांध किंवा भरीव भिंत हवी. पाच छर्र्यांचा गट नाण्याएवढा येईपर्यंत नॉबला हात लावू नका. मग चौकोन मारा: पाच छर्रे, २० क्लिक वर, पाच छर्रे, २० उजवीकडे, पाच, २० खाली, पाच, २० डावीकडे, आणि शेवटचे पाच. नेम पूर्णवेळ एकाच ठिपक्यावर. पाव एमओएच्या नॉबने २५ मीटरवर चौकोनाची बाजू साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास यावी आणि शेवटचा गट पहिल्यावर बसावा. आधी मोजपट्टी पास झालेला स्कोप इथे नापास झाला, तर तो झटका सोसत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीचा पुढचा झटका एरवी दणकट समजले जाणारे स्कोपही बिघडवतो, म्हणून विकत घेतानाच 'स्प्रिंग एअर गनसाठी' असं लिहिलेलं आहे ना ते बघा.

नळीच खाली झुकलेली

नळी मोडायच्या बंदुकीत हे इतकं आढळतं की त्याला रोग म्हणणंही जड जातं. नळी बिजागरीवर किंचित खाली बसते. साध्या माशीने नेम धरताना कळत नाही, कारण मागची-पुढची माशी नळीसोबतच झुकते. स्कोप मात्र मागच्या भागावर बसतो आणि सरळ बघतो. मग २५ मीटरवर छर्रा १५ सेंटिमीटर खाली. तो वर आणायला ८२ क्लिक, म्हणजे वीसएक एमओए गेले. मध्यापासून वर होते सगळे तीस. उरल्या दहात स्प्रिंग सैल पडलेली, विंडेजला जागा नाही, आणि आपण म्हणतो टरेट खराब.

यावर नॉब फिरवणं हा उपाय नाही. स्कोपच मागून उचलायचा. दोन रिंगांत १०० मिलिमीटर अंतर असेल तर मागच्या रिंगमध्ये स्कोपखाली घातलेली ०.१ मिलिमीटरची पट्टी २५ मीटरवर छर्रा अडीच सेंटिमीटर वर आणते. झेरॉक्सचा कागद साधारण तेवढ्याच जाडीचा. पण कागद दबतो, त्यापेक्षा जुन्या फोटो फिल्मची पट्टी बरी. घराघरात निगेटिव्हची पाकिटं पडून आहेत, लग्नाची सोडून दुसरी कापा. दोन-तीन पट्ट्यांच्या वर जाऊ नका, स्कोपची नळी वाकते. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर मागे उंच केलेलं खास माउंट मिळतं.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेव्हापासून गावोगाव पोरं विचारतात की त्याच्या रायफलीवर कुठला स्कोप होता. कुठलाच नव्हता. त्या स्पर्धेत भिंगाची दुर्बीण चालत नाही, मागे बारीक छिद्राची साइट असते. पण त्या साइटलाही असेच क्लिक असतात, आणि क्लिक मोजण्याची शिस्त तिथेही हीच.

परत करायचं ठरलं तर

टरेटचा पाया उघडू नका. आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला असतो, सील तुटलं की पहिल्या पावसाळ्यात आत धुकं धरतं आणि वॉरंटीही जाते. गंज सोडवायचा स्प्रे नॉबमध्ये मारणं तर त्याहून वाईट, तो भिंगापर्यंत जातो. दुकानदाराला 'नॉब खराब आहे' एवढंच लिहिलंत तर उत्तर येईल 'आमच्याकडे चालतोय'. अंतर, केलेले क्लिक, अपेक्षित मिलिमीटर, आलेले मिलिमीटर, पाच वेळचे पाचही आकडे लिहा. सोबत फोनचा कॅमेरा स्कोपच्या मागे धरून मोजपट्टीवर सरकणाऱ्या फुलीचा व्हिडिओ घ्या. त्यावर वाद घालणं कुणालाही जड जातं.

पुतण्याला हे सगळं एका रविवारी गोठ्यामागे बसून करून दाखवलं. मोजपट्टीवर त्याचा स्कोप पाचही वेळा जागेवर परत आला. पुढच्या रिंगचा एक स्क्रू हाताने फिरत होता, आणि नळी झुकलेली होती ती वेगळीच. स्क्रू आवळला, मागच्या रिंगमध्ये फिल्मच्या दोन पट्ट्या घातल्या. बांगडीचा रुपया झाला. सध्या त्याचा वरचा नॉब मध्यापासून अकरा क्लिक वर आहे.